आणखी चार खुर्च्या

आपल्या घराचं दार आत उघडतं. पाहुणा उंबऱ्याशी आला की आपण दार आपल्याकडे ओढून घेतो, दोन पावलं मागे सरकतो आणि "या, या" म्हणतो. आलेल्याच्या अंगावर दार ढकलणं बरं दिसत नाही. इथल्या घरांचंही तसंच आहे. पण आपण ज्या शाळेच्या हॉलमध्ये गणपती बसवतो, ज्या चर्चच्या तळमजल्यावर कोजागिरीचं दूध आटवतो, तिथली दारं बाहेर उघडतात. त्यांच्यावर कमरेच्या उंचीला एक आडवी दांडी असते. कोणी नुसता अंगाने रेटला गेला तरी दार उघडतं. कडी शोधायला नको, मूठ फिरवायला नको. आपली मुलं कंटाळली की त्या दांडीशी खेळत बसतात आणि आपण त्यांना रागावतो.

ती दांडी एका थिएटरच्या आगीतून आली. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी, नाताळच्या सुट्टीतल्या दुपारच्या खेळाला आग लागली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. बायका-मुलंच फार. कित्येक दारं बंद होती, काहींच्या कड्या प्रेक्षकांना उघडताच आल्या नाहीत. इंडियानापोलिसच्या एका हार्डवेअर विक्रेत्याचं त्या खेळाला जायचं ठरलं होतं, कामामुळे राहून गेलं. त्याने पुढे एका इंजिनिअर शेजाऱ्याला हाताशी धरून ही दांडी तयार करवली. १९०८ च्या सुमारास ती बाजारात आली.

हा इतिहास सांगायचं कारण गेल्या वर्षीचं नाटक. मंडळाच्या बहुतेक सभासदांना तो प्रसंग ठाऊक आहे, आणि त्यानंतर ज्या ई-मेल फिरल्या त्याही सर्वांनी वाचल्या आहेत. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईहून आलेलं नाटक, हॉलची मर्यादा ३००, तिकिटं ३०० विकलेली. प्रत्यक्षात आली साडेतीनशेच्या आसपास माणसं. कोणाचे आईवडील भारतातून आदल्याच आठवड्यात आलेले, कोणाची मुलं "मांडीवर बसतील" या हिशोबात तिकिटाविना. आपले उत्साही स्वयंसेवक सवयीने कामाला लागले. घडीच्या खुर्च्या निघाल्या, दोन्ही बाजूंच्या वाटांमध्ये रांगा लागल्या, मागच्या दारासमोर एक बाक आलं. तिसऱ्या घंटेच्या आधी अग्निशमन दलाचा ड्यूटीवरचा माणूस आत आला, त्याने एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि शांतपणे सांगितलं, की वाटेतली प्रत्येक खुर्ची उचलल्याशिवाय आणि आतली माणसं ३०० वर आल्याशिवाय पडदा उघडणार नाही.

मी दाराशी होतो. ज्यांना परत जायला सांगायचं ती माणसं माझ्यासमोर होती. सांगलीहून आलेल्या एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, "अहो, मला खुर्ची नको. मी मागे भिंतीशी उभी राहीन. मला सवय आहे. कोणाला काही त्रास व्हायचा नाही." मी म्हणालो, "आजी, नाही जमणार." त्यांचे जावई पुढे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यात मला नवल वाटलं नाही.

नंतरच्या ई-मेलचा सूर साधारण असा होता: नियम माणसासाठी, की माणूस नियमासाठी? आलेल्याला दारातून परत पाठवणं ही आपली रीत आहे का? दहा-वीस माणसं जास्त झाली तर काय आभाळ कोसळणार होतं? आणि शेवटी एक व्यवहारी सूचना: पुढच्या वर्षी जरा समजूतदार लोकांचा हॉल बघा.

या 'समजूतदार' शब्दापाशी मी अडलो. बॉस्टनला गाडीने जाता येईल इतक्या अंतरावर आपण राहतो, म्हणून तिथलं उदाहरण घेतो. शहराच्या बे व्हिलेज भागात पिडमाँट स्ट्रीट नावाची एक लहानशी गल्ली आहे. १९४२ साली तिथे कोकोनट ग्रोव्ह नावाचा नाइटक्लब होता. मालकाचं नाव बार्नी वेलान्स्की. समजूतदार जागा म्हणजे कशी असते याचा तो क्लब उत्तम नमुना होता. परवानगी होती सुमारे ४६० माणसांची. २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री आत हजारांच्या आसपास माणसं होती. टेबलांच्या मध्ये टेबलं टाकत गेलेली. कोणालाही दारातून परत पाठवलं नव्हतं.

आग तळघरातल्या मेलडी लाउंज नावाच्या बारमध्ये लागली. शोभेची नारळाची झाडं आणि छताला लावलेलं कापड पेटलं, आणि काही मिनिटांत ज्वाळा जिना चढून वरच्या दालनात आल्या. मुख्य दार फिरतं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रेटा आला की जागच्या जागी अडकणारं. लोक ज्या दाराने आले त्याच दाराकडे धावले, आणि त्या दारामागे माणसांचा ढीग झाला. तळघराच्या जिन्याच्या डोक्यावर बाहेर पडायचं एक दार होतं. त्याला आपली ती आडवी दांडीसुद्धा होती. पण गिऱ्हाइकांनी पैसे न देता पळू नये म्हणून ते वेगळं कुलूप घालून बंद ठेवलेलं होतं. दुसऱ्या बाजूच्या नव्या बारचं दार आत उघडणारं होतं. गर्दीच्या रेट्यापुढे ते उघडणं शक्यच नव्हतं. त्या रात्री ४९२ माणसं गेली. दारं बाहेर उघडणारी असती तर निदान ३०० वाचली असती, असा अंदाज तेव्हा अग्निशमन अधिकाऱ्यांनी केला होता.

याच क्लबची तपासणी आठ दिवसांपूर्वी झाली होती. अग्निशमन दलाच्या निरीक्षकाने अहवालात 'चांगली स्थिती' असा शेरा दिला होता. बाहेर पडायचे मार्ग पुरेसे, असंही लिहिलं होतं. शोभेच्या झाडाला आपण काडी लावून पाहिली आणि ते पेटलं नाही, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच्यावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. मला त्या निरीक्षकाचा पूर्वी फार राग येत असे. आता थोडा कमी येतो, कारण तो जेव्हा आला तेव्हा हॉल गर्दीने भरलेला नव्हता, आणि रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक दार पुरेसं रुंद दिसतं.

वेलान्स्कीला मनुष्यवधाबद्दल १२ ते १५ वर्षांची शिक्षा झाली. इथे नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. आग लागली त्या रात्री वेलान्स्की क्लबमध्ये नव्हता. हृदयविकारामुळे तो काही दिवसांपासून हॉस्पिटलात होता. त्याने काडी पेटवली नव्हती, कोणाला ढकललं नव्हतं, त्या रात्री कोणतं दार लावा असा हुकूम दिला नव्हता. त्याच्या वकिलांनी हेच म्हटलं. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली शिक्षा कायम केली, आणि दिलेलं कारण मला कोणत्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकाइतकं मोलाचं वाटतं. ज्याने लोकांना आपल्या जागेत बोलावलं त्याच्यावर त्यांच्या जिवाची जबाबदारी येते. ती सतत न पार पाडणं हेही कृत्यच आहे. आणि एखाद्याला धोका जाणवलाच नाही, इतका तो बेफिकीर होता, एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. साध्या, सरळ माणसाला तो धोका कळला असता का, एवढंच पाहायचं.

याच्या उलट निकाल तीस वर्षं आधी न्यूयॉर्कला लागला होता. २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्यात आग लागली आणि १४६ कामगार गेले, बहुतेक इटालियन आणि ज्यू मुली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, कामगारांनी कापड चोरू नये म्हणून. पण त्या क्षणी ते दार बंद आहे हे मालकांना ठाऊक होतं, हे सरकारपक्षाला सिद्ध करता आलं नाही आणि ज्यूरीने दोघाही मालकांना सोडलं. १९१४ साली तेवीस दाव्यांची तडजोड झाली, जिवामागे ७५ डॉलरवर. मधल्या काळात, १९१३ साली, त्यांपैकी एक मालक कामाच्या वेळी पुन्हा दाराला कुलूप घातलेलं सापडला. दंड झाला २० डॉलर.

पहिल्या निकालात विचारलं, "तुला माहीत होतं का?" दुसऱ्यात विचारलं, "तुला माहीत असायला हवं होतं का?" आपल्या रोजच्या बोलण्यात आपण पहिलाच प्रश्न विचारतो. "त्यांचा हेतू वाईट नव्हता हो," हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी फार लवकर येतं. चार खुर्च्या जास्त टाकणाऱ्याचा हेतू तर उलट चांगलाच असतो. कोणी उभं राहू नये, आजींना बसायला मिळावं, एवढंच त्याच्या मनात असतं. पण हेतू तपासून दाराची रुंदी वाढत नाही.

तत्त्वज्ञानात या कोड्याला एक नाव आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली त्यावर लिहिलं. आपण त्याला 'नैतिक नशीब' म्हणू. दोन हॉलमालक घ्या. दोघांनीही एकाच रात्री मागच्या दाराला कुलूप घातलं. एकाच्या हॉलमध्ये काही झालं नाही, तो घरी जाऊन झोपला. दुसऱ्याच्या हॉलमध्ये वायर जळली. पहिल्याला आपण 'जरा हलगर्जी' म्हणतो, दुसऱ्याला खुनी. त्यांनी जे केलं त्यात तसूभर फरक नाही. फरक नशिबाचा आहे. मग आपण दोष कशाला देतो, कृतीला की नशिबाला?

नेगलने प्रश्न उत्तम मांडला आहे. उत्तर मात्र, माझ्या मते, तत्त्वज्ञांपेक्षा त्या ड्यूटीवरच्या माणसाने चांगलं दिलं. तपासणी आणि सक्ती यांचा अर्थच हा आहे, की आग लागण्याची वाट न पाहता पहिल्या मालकालाही जाब विचारायचा. काही झालेलं नसताना विचारायचा. म्हणून तो नेहमी अन्यायासारखा वाटतो. "काय झालं काय एवढं?" या प्रश्नाला त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. डॉक्टरला बरा झालेला रोगी दाखवता येतो, गवंड्याला भिंत दाखवता येते. या माणसाचं काम जेव्हा चोख होतं तेव्हा एक नाटक पस्तीस मिनिटं उशिरा सुरू होतं आणि लोक त्याच्यावर चिडून घरी जातात.

आता मूळ आक्षेपाकडे. ३०० हा आकडा काय देवाने दिला आहे? ३०१ वा माणूस आला म्हणून काय बिघडतं? आक्षेप खोटा नाही. आकडा कुठून येतो ते पाहू. इथल्या बांधकाम नियमांत साधारण असं धरतात, की नुसत्या सुट्या खुर्च्या मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट जागा लागते, आणि टेबलं मांडली तर १५. आपल्या हॉलची मोकळी जागा २१०० चौरस फूट. म्हणून नाटकाला ३००, आणि दिवाळीच्या जेवणाला १४०. (दर वर्षी कोणीतरी विचारतं, की एकाच भिंतीवर दोन वेगवेगळे आकडे कसे. हे असे.) मग दारं मोजतात. सपाट जागेवर माणशी ०.२ इंच रुंदी धरतात. ३०० माणसांना एकूण ६० इंच. ती एकाच दारात असून चालत नाही, कारण आग नेमकी त्या दारापाशी लागली तर? एक दार गेलं तरी निम्म्या लोकांची सोय शिल्लक उरली पाहिजे. हे गणित अगदी काटेकोर नाही, पण ते लहरीवर बेतलेलंही नाही. ३०१ व्या माणसाने हॉल कोसळत नाही हे खरंच. पण ३०१ ला हो म्हटल्यावर ३०२ ला नाही म्हणायचं कारण माझ्याकडे काय उरतं? कोकोनट ग्रोव्हमध्ये एकदम हजार माणसं घुसली नव्हती. एकेक टेबल वाढत गेलं.

आणि आजींचं काय? त्या म्हणाल्या, "मी उभी राहीन, मला चालतं." या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण ते इतकं रास्त वाटतं. स्वतःच्या जिवाचा धोका स्वतः पत्करायचा तर कोणी का अडवावं? पण वाटेत उभा असलेला माणूस केवळ स्वतःचा धोका पत्करत नाही. उलट तो स्वतः दाराच्या सर्वांत जवळ असतो, पहिला बाहेर पडू शकतो. तो अडवतो तो पाचव्या रांगेत मधोमध बसलेल्याला, ज्याला तो ओळखत नाही आणि ज्याने त्याला "चालेल" असं कधी म्हटलेलं नाही. वाट ही पाचव्या रांगेची मालमत्ता आहे. ती आजींना द्यायचा अधिकार मला नव्हता आणि घ्यायचा त्यांनाही नव्हता. अडचण अशी, की आजी माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून उभ्या होत्या आणि पाचव्या रांगेतला माणूस पाठमोरा होता. दाराशी उभं राहणाऱ्याला प्रत्येक वेळी चेहरा असलेल्या माणसाला नाही म्हणायचं असतं, चेहरा नसलेल्या माणसासाठी.

हे वाटेचं प्रकरण कल्पनेतलं नाही. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ रोजी 'बॉर्डर' चालू असताना तळमजल्यावरच्या पार्किंगमधला ट्रान्सफॉर्मर पेटला. धूर जिन्याने आणि वातानुकूलनाच्या मार्गाने बाल्कनीत शिरला आणि ५९ माणसं गुदमरून गेली. बाल्कनीची एका बाजूची वाट जादा खुर्च्यांनी बंद झाली होती. जादा खुर्च्या म्हणजे कोणा उत्साही स्वयंसेवकाने टाकलेल्या नव्हेत. आसनं वाढवायला एके काळी सरकारनेच परवानगी दिली होती, पुढे ती मागे घेतली, मग कोर्टकज्जे झाले, आणि काही खुर्च्या राहिल्याच. खटला वीस वर्षं चालला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने मालक भावांना मिळून ६० कोटी रुपये दंड केला. ज्यांची मुलं गेली अशा आईबापांनी संघटना काढून तो लढा दिला. तिकीट काढून आत गेलेल्या त्या मुलांना, बाल्कनीला एकेकाळी आणखी एक वाट होती हे कळायला काही मार्गच नव्हता. सार्वजनिक जागेचं हेच वैशिष्ट्य आहे. घरात आपल्याला मागचं दार ठाऊक असतं. हॉलमध्ये आपण अंधारात, अनोळखी जागी, दुसऱ्याच्या भरवशावर बसतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग नियमाचीच पूजा करा. तसंही मला म्हणायचं नाही. नियम राबवणारे सगळेच आपल्या त्या ड्यूटीवरच्या माणसासारखे नसतात. भारतात ज्यांनी छोटं हॉटेल किंवा क्लास चालवला आहे त्यांना विचारा. 'फायर'चा माणूस म्हटलं की पाकीट आठवतं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यावा लागतो. कायदा कागदावर चांगला आहे. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली तेव्हा १० बाळं गेली. त्यांना तर बाहेरची वाट कोणी दाखवूनही उपयोग नव्हता. त्यांना उचलूनच न्यायला हवं होतं.

सक्तीचं आणखी एक दुखणं आहे, ते मला जास्त बोचतं. १८ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत साकीनाक्याला फरसाणाच्या दुकानात आग लागून १२ कामगार गेले. कामाच्या जागीच झोपणारी माणसं. अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबमध्ये १४ माणसं गेली. दुसऱ्या आगीनंतर पालिकेचे हातोडे शहरभर फिरले, वाहिन्यांवर दिवसरात्र चर्चा झाली. पहिल्या आगीनंतर तेवढी खळबळ कोणालाही आठवत नसेल. गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये २५ माणसं गेली, त्यांतही बहुतेक तिथले कामगारच होते. गिऱ्हाइकाचं दार मोजणारे बरेच आहेत, स्वयंपाकघराचं दार मोजणारे कमी. आपल्या हॉलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आपण पुरीभाजीचे ट्रे रचून ठेवतो आणि आत आपल्याच सात-आठ वहिनी-काकू तळत असतात, हे जाता जाता नमूद करतो.

तेव्हा सक्ती भ्रष्ट असू शकते, आंधळी असू शकते, श्रीमंतांपुढे नरम आणि गरिबांपुढे कडक असू शकते. पण यावरून सक्ती नको असं निघत नाही. ती स्वयंपाकघरापर्यंत न्या, असं निघतं.

जाणत्या माणसालाही किती कमी वेळ मिळतो हे ऱ्होड आयलंडच्या आगीने सर्वांना दाखवलं. २० फेब्रुवारी २००३ ला वेस्ट वॉरिकच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये बँडच्या शोभेच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. १०० माणसं गेली. योगायोग असा, की आत टीव्हीचा एक कॅमेरामन होता आणि तो नाइटक्लबमधल्या सुरक्षिततेवरच्याच बातमीसाठी चित्रण करत होता. त्या चित्रफितीत पहिले काही क्षण लोक ज्वाळांकडे कौतुकाने पाहताना दिसतात. हा कार्यक्रमाचाच भाग असेल असं त्यांना वाटलं. दीड मिनिटात आत जगणं अशक्य झालं होतं. इतर दारं होती, पण बहुतेक जण आले त्याच दाराकडे वळले. क्लबची तपासणी पूर्वी झालेली होती, तरी फोमची नोंद झाली नव्हती. इमारत जुनी म्हणून पाण्याच्या फवाऱ्यांची सक्ती तिला नव्हती. त्यानंतर नियम बदलले: नाइटक्लबसारख्या जागांत मुख्य दारातूनच दोन तृतीयांश गर्दी बाहेर पडू शकेल इतकी रुंदी हवी. माणसं कशी वागायला हवीत यापेक्षा ती प्रत्यक्षात कशी वागतात हे पाहून केलेला हा नियम आहे, म्हणून मला तो आवडतो.

आणि नियम, दारं, दांड्या हे सगळं असूनही शेवटी कोणाला तरी कार्यक्रम थांबवावा लागतो. केंटकीत सिनसिनाटीजवळ बेव्हर्ली हिल्स सपर क्लब होता. २८ मे १९७७ च्या रात्री तिथे आग लागली तेव्हा मोठ्या दालनात हजारावर माणसं बसली होती आणि रंगमंचावर दोघे विनोदवीर होते. टेबलं आवरणाऱ्या एका १८ वर्षांच्या पोऱ्याने आधी वरिष्ठाला सांगितलं. तिथून काही हालचाल होईना, तेव्हा तो सरळ मंचावर चढला, विनोदवीरांच्या हातातला माईक घेतला आणि लोकांना दारं कुठे आहेत ते दाखवून बाहेर पडायला सांगितलं. काहींना तोही विनोदाचाच भाग वाटला. त्या आगीत १६५ माणसं गेली, पण त्या पोराचं ऐकून शेकडो वाचली. आपल्याकडे कार्यक्रम चालू असताना माईक घ्यायचा तर अध्यक्षांची, प्रमुख पाहुण्यांची, कलाकारांची आणि प्रायोजकांची परवानगी लागते. रंगलेल्या मैफलीत मध्ये बोलणाऱ्याकडे आपण कसं पाहतो ते आठवा. त्या मुलाला नोकरी जाण्याची भीती वाटली नसेल असं नाही.

यंदाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. नाटकाचे दोन प्रयोग ठेवावेत, दुपारी आणि संध्याकाळी, म्हणजे कोणालाच परत जावं लागणार नाही. दुसऱ्या प्रयोगाचा खर्च तिकिटात माणशी साधारण सहा डॉलरने वाढतो, हा हिशोब खजिनदारांनी तपासला आहे. मांडीवरच्या मुलालाही आकड्यात धरावं, त्याचं तिकीट फुकट असलं तरी. आणि नांदीच्या आधी, विमानात सांगतात तसं, दारं कुठे आहेत ते कोणीतरी दोन वाक्यांत सांगावं. तिसऱ्या सूचनेला विरोध आहे. शुभकार्याच्या आरंभी आगीचं नाव कशाला, असं दोन ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं पडलं. त्यावर एका काकांनी तोडगा काढला आहे, की घोषणा गणेशवंदनेनंतर करावी. सर्वसाधारण सभा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. हॉल तोच, मर्यादा ३००. सांगलीच्या आजी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायच्या आहेत असं ऐकतो. त्यांचं तिकीट त्यांच्या जावयांनी माझ्याकडून आताच बाजूला काढून ठेवायला सांगितलं आहे.